पुलगाव ते डोंबिवली, नवतप्याच्या आधी

मुंबई पाहायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाहावी, असं झाडून सगळे सांगतात. हवा बरी असते, घाम येत नाही, फिरायला उत्साह राहतो. सांगणाऱ्यांचं काही चुकत नाही. फक्त त्यांच्या घरी कापूस नसतो. आमच्याकडे, वर्धा जिल्ह्यात पुलगावकडे, दिवाळीच्या मागेपुढे वेचणी लागते ती संक्रांत ओलांडूनही चालते. मध्येच तूर कापायची, मग हरभरा सोंगायचा, मार्चात गहू. घरातलं माणूस चार दिवस सलग मोकळं होतं ते थेट वैशाखात. तेव्हा वावर नांगरून उन्हात तापायला सोडलेलं असतं, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असतं, आणि मृग लागेपर्यंत शेतकऱ्याला करण्यासारखं फारसं नसतं. काडीकचरा वेचणं, वखरण, बियाण्याची चौकशी, एवढंच. पूर्वी काही जण धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी, करायचे. आता गुलाबी बोंडअळीच्या धाकानं कृषी खातं जूनच्या आधी कपाशी लावूच नका म्हणतं.

पोरांच्या शाळा आमच्याकडे उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. म्हणजे पोरं जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मोकळी. पण पोरं मोकळी असून उपयोग काय? ७ जूनच्या सुमाराला मृग लागला की मोठ्यांचे पाय वावरात अडकले. तेव्हा शहर पाहायचं, डोंबिवलीला नणंदेकडे राहून यायचं, सासूबाईंना समुद्र दाखवायचा, हे सगळं मे महिन्यातच बसवावं लागतं. महिना निवडायची सोय आम्हाला नाही. दिवस आणि दिवसातले तास तेवढे निवडता येतात, आणि सगळं नियोजन त्या तासांचंच असतं.

त्यातही सगळा मे आपला नसतो. अर्धाअधिक लग्नांचा असतो. यंदा तर अधिक महिना आहे, अधिक ज्येष्ठ, १७ मेपासून १५ जूनपर्यंत. अधिकात लग्नं लागत नाहीत, म्हणून सगळ्यांनी आपापले मुहूर्त १६ तारखेच्या आत कोंबले आहेत. एकेका दिवशी तीन-तीन आहेर, दोन पंगती, आणि मधल्या वेळात भर दुपारी दुचाकीवरून या मांडवातून त्या मांडवात. फेसबुकवर फोटो छान दिसतात, पण त्या मांडवातली हवा ज्यानं खाल्ली त्याला विचारा. मला मात्र हा अधिक महिना पावला. १६ तारखेला वऱ्हाडं संपली की गाड्यांमधली एक मोठी गर्दी कमी होते. १७ ला रविवार आहे, त्या संध्याकाळी निघायचं. परत यायचं ते २५ तारखेच्या आत, कारण २५ ला सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा सुरू होतो. ते सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस घराबाहेर पडायचे नसतात आणि ह्यांना तेव्हा वखराच्या मागं असायचं असतं.

अधिकाचा आणखी एक फायदा सासूबाईंनी लगेच ओळखला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा मान. जावयाला सुट्टी मिळत नाही, तर वाणच त्याच्या दारी न्यायचं. तेहतीस अनारसे. त्यामुळे जी सहल मी हवामान आणि गर्दी पाहून आखत होते, तिला अचानक धार्मिक अधिष्ठान आलं आणि घरातला विरोध मावळला.

आता तिकीट. रेल्वेनं नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली. आमच्यासारख्यांना हे बरंच झालं. चार महिने आधी कोणाला माहीत असतं की मे महिन्यात हातात पैसे असतील की नाही? साठ दिवस म्हणजे पाडव्याच्या आदली सकाळ. तोवर कापूस बहुतेक विकून झालेला असतो, हरभऱ्याचा भाव कळलेला असतो. सकाळी आठला मुलगी मोबाइल घेऊन गच्चीवर चढली, कारण आमच्याकडे रेंज गच्चीवर येते, आणि विदर्भ एक्सप्रेसची जाण्याची तिकिटं कन्फर्म झाली. परतीच्या तारखेचं आरक्षण उघडलं त्या सकाळी गावातली लाईन गेली होती. त्याबद्दल पुढे.

विदर्भ एक्सप्रेस मला उन्हाळ्यात पटते ती तिच्या वेळेमुळे. संध्याकाळी नागपूर सोडते, उन्हं कलल्यावर पुलगावला येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. म्हणजे भुसावळचा तवा रात्री ओलांडला जातो. माझ्या दिराचं म्हणणं होतं की समृद्धी महामार्गानं गाडी काढू, ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पार भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत मोकळा रस्ता, दहा-अकरा तासांत दारात. असेल. पण मे महिन्यात तापलेल्या सिमेंटवर, दूरवर सावली नाही, टायर तापतात, चालवणाऱ्याला डुलकी येते. म्हातारं माणूस सोबत असताना ते नको. मी स्पष्टच नाही म्हटलं.

मुख्य मुद्दा उन्हाचा. आमच्या उन्हाचा आम्हाला एक माज असतो, हे कबूल केलं पाहिजे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा ही नावं टीव्हीवर देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत आली की लोक हळहळण्याऐवजी एकमेकांना फोन करून सांगतात. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता, तो आकडा अजून लोक असा सांगतात जणू त्यांनीच चढवला. त्यामुळे मुंबईचं मे महिन्यातलं कमाल तापमान ३३-३४ अंश, हे मुलीनं वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई हसल्याच.

“चौतीस? आपल्याकडे त होळीलेच असते चौतीस.”

पण त्याच सासूबाई मागच्या वेळी डोंबिवलीत पोचल्या आणि दुपारपर्यंत पंख्याखालून हलेनात. “ऊन त काहीच नाई,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “मंग जीव काऊन असा कासावीस होऊन रायला?”

हवामान खात्याला हे ठाऊक असतं. उष्णतेची लाट जाहीर करताना त्यांचे निकष सगळीकडे सारखे नसतात. मैदानी भागात पारा निदान ४० ला पोचल्याशिवाय लाटेचा विचारच होत नाही, किनाऱ्यावर ३७ ला होतो. दोन्हीकडे सहसा तो सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असावा लागतो ही अट वेगळी. तीन अंशांची ही सवलत किनाऱ्यावरचे लोक नाजूक म्हणून दिलेली नाही. हवेतल्या पाण्यामुळे दिलेली आहे.

माझ्या मुलीनं हे सासूबाईंना एका ओल्या फडक्यात समजावलं. शाळेत आर्द्रता मोजायला दोन तापमापक असतात, एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. फडक्यातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला तापमापक नेहमी कमी दाखवतो. आपल्याकडे ४३ अंश असले आणि हवेत पंधराच टक्के आर्द्रता असली, तर ओल्या फडक्यातला पारा २३ च्या आसपास उतरतो. मुंबईत ३४ अंश आणि पासष्ट टक्के आर्द्रता असेल, तर तो २८ च्या खाली जात नाही. घामानं भिजलेलं माणूस म्हणजे ते ओलं फडकंच. आपला माठ, आपला कुलर, गच्चीवर पाणी शिंपडून टाकलेलं अंथरूण, सगळं त्या वीस अंशांच्या फरकावर चालतं. मुंबईत हा फरक पाच-सहा अंशांचा. घाम येतो, पण उडत नाही, नुसता वाहतो.

भाऊजींनी, म्हणजे नणंदेच्या यजमानांनी, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात वर्ध्याहून कुलर नेला होता. चांगला लोखंडी, वाळ्याच्या ताट्यांचा, सासरच्या माणसांनी प्रेमानं दिलेला. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत तो लावला आणि आठवड्याभरात मिठाच्या बरणीत पाणी सुटलं, भिंतीला ओल आली, काडेपेटी पेटेना. हवा गार व्हायच्या ऐवजी आणखी जड झाली. कुलरला बाहेरून कोरडी हवा लागते, ती तिथं आणणार कुठून? तो कुलर अजून त्यांच्या माळ्यावर आहे. त्याच्या टाकीत दिवाळीच्या पणत्या आणि आकाशकंदील ठेवलेले असतात.

हा बदल कुठे होतो ते गाडीतच कळतं. स्लीपरनं गेलं तर रात्रभर खिडकीतून येणारी हवा गरम असते पण कोरडी. ओठ सुकतात, पाण्याची बाटली रिकामी होत जाते, आणि कपाळावर हात फिरवला तर मिठाची बारीक कणी लागते. पहाटे इगतपुरीला दार उघडलं की एकदम गार वारा, चहावाल्यांची धावपळ, सगळ्यांना वाटतं आलो बुवा सुखरूप. मग गाडी घाट उतरते. बोगदे, दरी, पुन्हा बोगदे. कसारा मागं पडलं की काही न करता मानेमागे ओल जाणवायला लागते. स्टीलच्या डब्याचं झाकण काढलं तर बोटांचे ठसे उमटतात. सकाळचे सहाही वाजलेले नसतात आणि ऊन तर अजून आलेलंच नसतं. तिथून पुढे आपल्याकडचं उन्हाचं सगळं शहाणपण गाठोड्यात बांधून ठेवायचं.

सगळ्यात आधी कपड्यांचं. आमच्याकडे मे महिन्यात रस्त्यावरच्या बाईचे फक्त डोळे दिसतात, तेही गॉगलमागे. डोक्याला, तोंडाला स्कार्फ, पूर्ण बाह्यांचा कोट, हातमोजे. पुरुष डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळतात. हे अगदी बरोबर आहे, कारण त्वचा पस्तिशीच्या आसपास असते आणि बाहेरची हवा पंचेचाळीसची. तो वारा अंगाला लागला की अंग तापतं. त्याला अडवायचं असतं. मुंबईत वारा त्वचेपेक्षा अंशभर का होईना थंड असतो. तिथं त्याला आत येऊ द्यायचं असतं. सैल, अर्ध्या बाह्या, गळा मोकळा. मागच्या वेळी आमच्या मुलीनं सवयीनं लोकलमध्ये चेहऱ्याला स्कार्फ बांधला तेव्हा शेजारच्या बाईनं काळजीनं विचारलं होतं, “बरं नाहीये का हिला?”

सुती हवं हे सगळेच सांगतात, पण कोणतं सुती ते कोणी सांगत नाही. जाड सुती घाम पितं आणि ओलं पोतं होऊन अंगावर बसतं. जीन्स तर विसराच. पातळ मलमल, विरळ विणीची खादी, मऊ झालेलं जुनं कापड, हे चांगलं, कारण जे लवकर भिजतं ते लवकर वाळतंही. यात आमच्या मुलखाची एक गंमत आहे. चहूकडे कापूस पिकतो, आणि बाजारात स्वस्तात मिळतो तो टेरिकॉटचा शर्ट. सुती घ्यायला जावं तर खिशाला परवडत नाही. पुलगावची कापड गिरणी बंद पडून जमाना झाला. मी वर्ध्याला गेले की मगन संग्रहालयातून खादीचं एखादं कापड घेते आणि गावातल्याच शिलाईवाल्या बाईकडून सैल कुर्ते शिवून घेते. महाग पडतं. पण हेच कापड इकडे रोज वापरता येतं, तिकडेही चालतं, म्हणून मी त्याला सहलीचा खर्च मानत नाही.

सासूबाईंचं पातळ हा स्वतंत्र विषय. त्यांना खळ घातलेलं, कडक इस्त्रीचं पातळच लागतं. कडक पातळ अंगाला चिकटत नाही हे आपल्याकडे खरं आहे, पण कल्याण यायच्या आत त्याची खळ उतरते आणि मग ते पायात येतं. यंदा बोलून बोलून त्यांना बिनखळीच्या पातळावर आणलं आहे. त्या बदल्यात गोधडी न्यायची हे मी मान्य केलं. मे महिन्यात गोधडी! पण एसी डब्यात रेल्वेनं दिलेलं ब्लँकेट “कोनाकोनानं पांघरलं असंन” म्हणून त्या घेत नाहीत, आणि मध्यरात्री त्या डब्यात थंडी वाजते हे खरंच आहे.

कपडे किती न्यायचे याचा हिशेबही तिकडे बदलतो. आपल्या अंगणात दुपारी टाकलेली जीन्स भाजी चिरून होईस्तोवर वाळते. तिथं रात्री पंख्याखाली टाकलेला टॉवेल सकाळी गारढोण. म्हणून जाड टॉवेलाऐवजी पंचे न्यावेत आणि आतले कपडे दुप्पट. रुमाल भरपूर. मांड्या घासल्या जातात त्यांनी लांब चड्डी घालावी आणि लाजू नये. घामोळ्यांना पावडर थापण्यापेक्षा दिवसातून दोनदा अंघोळ करून अंग नीट कोरडं केलेलं बरं. पायात मागे पट्टा असलेली चप्पल, कारण लोकलच्या दारात निघालेली चप्पल शोधायला कोणी थांबत नसतं.

आणि आपल्याकडचं वाळवण. मे महिना म्हणजे कुरड्या, पापड, सरगुंडे. लेकीसाठी न्यायचंच असतं. सूपभर सरगुंडे उन्हात खडखडीत वाळवून न्या, तिकडे उघड्या डब्यात दोन दिवसांत सादळतात. यंदा अनारसेही आहेत. घट्ट झाकणाचे डबे आणि वाण देईपर्यंत डबा उघडायचा नाही, असा ठराव झाला आहे. तो पाळला जाईल असं मला वाटत नाही.

गर्दीचं मला उन्हाइतकं भय वाटत नाही. सासूबाईंना तर मुळीच नाही. त्यांना मी एवढंच म्हटलं की आपण शेगावला गुरुवारी जात नाही ना, तसंच हे. त्यांना लगेच कळलं. महाराजांचं दर्शन बुधवारी निवांत होतं, गुरुवारी रांगेत दिवस जातो. महाराज तेच. मुंबईत मंगळवारी सिद्धिविनायकाला जाऊ नये.

लोकलची गर्दी मात्र वाराची नसते, घड्याळाची असते, आणि तिला दिशा असते. सकाळी साधारण आठ ते अकरा सगळं डोंबिवली मुंबईकडे निघतं आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ परत येतं. त्याच वेळी उलट दिशेच्या गाडीत बसायला जागा असते. आपण पाहुणे, आपल्याला हजेरी लावायची नाही. मग आठच्या आत निघावं नाहीतर अकरानंतर जावं, आणि चारच्या आत परतावं, नाहीतर तिकडेच जेवून नऊनंतर निघावं. डोंबिवलीतूनच सुटणाऱ्या स्लो गाड्या असतात. फास्टच्या मागं धावण्यापेक्षा त्या गाठाव्यात. वेळ जास्त लागतो, पण बसून जाता येतं. एसी लोकलचं एकेरी तिकीट मे २०२२ मध्ये बरंच उतरलं, म्हातारं माणूस सोबत असेल तर तो खर्च करावा. फक्त साध्या तिकिटावर तिच्यात चढू नये, टीसी गाठतोच. रविवारी गर्दी नसेल असं वाटतं, पण त्या दिवशी मेगाब्लॉक असतो. शनिवारी वेळापत्रक बघून ठेवायचं.

मे महिन्यात मुंबईची एक गोष्ट इकडच्या लोकांना माहीत नसते. खुद्द मुंबईकर तेव्हा गावाला गेलेले असतात, कोकणात, देशावर. शाळा बंद, कोर्टांना सुट्टी. नणंद म्हणते की सकाळच्या गाडीला त्या महिन्यात जरा श्वास घेता येतो. गर्दी वाढते ती राणीच्या बागेत, चौपाटीवर, गेटवेला, म्हणजे नेमकं जिथं आपल्याला जायचं तिथं. त्यामुळे तिथं सुट्टीचे वार टाळून जायचं. राणीची बाग बुधवारी बंद असते, घारापुरीच्या लेण्या सोमवारी. हे पाहिलं नाही तर पोरांना घेऊन बंद फाटकासमोर उभं राहावं लागतं.

माझा सगळा आराखडा खरं तर दुपारभोवती आहे. आमच्या गावात मे महिन्यात बारा ते चार संचारबंदी असते, कोणी न लावता. कुत्रीही नालीत जाऊन बसतात. किराणावाला शटर अर्धं ओढून आत झोपतो, आणि कामं सकाळी दहाच्या आत नाहीतर दिवे लागल्यावर. मुंबईला दुपार नाही. भर दोनला फुटपाथवर तेवढीच माणसं, तेवढीच विक्री, तेवढीच घाई. पाहुण्यांना वाटतं, सगळे फिरत आहेत तर आपणही फिरू. तिथंच माणसं आजारी पडतात. मी ठरवून आमची दुपार सोबत नेते. घारापुरीला जायचं ते सकाळच्या पहिल्या बोटींनी, कारण धक्क्यावर उतरल्यावर शंभरावर पायऱ्या चढायच्या असतात आणि त्या दगडाला दहानंतर हात लावू नये. सासूबाई त्या दिवशी घरी. गेटवे ऑफ इंडियाच्या आवारात सावली नाही, म्हणून तेही सकाळी. उन्हं चढली की तिथून चालत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात. दोन्ही इमारतींचा आराखडा जॉर्ज विटेटचा, एक १९२४ ची आणि दुसरी लोकांसाठी उघडली ती १९२२ ला. पण मला त्याहून महत्त्वाचं म्हणजे संग्रहालय दगडी, उंच छताचं आहे आणि तिथं बसायला बाक आहेत. पोरं मूर्त्या बघतात, सासूबाई बाकावर डोळे मिटतात. दोनशे पावलांच्या चालण्याला एक बसणं, असा आमचा दर.

ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून पार कफ परेडपर्यंत धावते. ती आम्ही अजून पाहिलेली नाही. मुलीच्या मते ते प्रेक्षणीय स्थळ आहे. माझ्या मते भर दुपारी गार बसून दक्षिण मुंबईतून सिद्धिविनायकापर्यंत जाण्याचं साधन आहे. सासूबाईंनी एकच विचारलं, “जमिनीच्या खालून? मंग काई दिसनार नाई त जाऊन कायले?” यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

समुद्र संध्याकाळी. पोरांच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे असतात. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून वारा आत येतो, तो खारा. रात्री उलटं. मुंबईचा पारा मे महिन्यात चौतिशीवर थांबतो तो या खाऱ्या वाऱ्याच्या जोरावर. पूर्वेकडच्या गरम वाऱ्यानं त्याला दुपारपर्यंत अडवून धरलं, तर तिथंही तापमान चढतं, आणि हे बहुधा मार्च-एप्रिलमध्ये होतं. मागच्या वेळी गिरगाव चौपाटीवर धाकट्यानं तोंडात घोळवलेलं बोट हवेत धरून वारा कुठून येतो ते पाहिलं आणि पाठ म्हणतात तसं म्हणून दाखवलं, “दिवसा समुद्राकडून जमिनीकडे.” पुस्तकातली गोष्ट खरी निघाल्याचा त्याला समुद्रापेक्षा जास्त आनंद झाला. पुलगावला वर्धा नदी आहे, पण तिचा वारा मे महिन्यात पात्रातल्या वाळूवरून येतो.

पावसाची धास्ती मात्र या आखणीत नवी आहे. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोचतो, असं गृहीत धरून आम्ही मे महिना बिनपावसाचा मानत आलो. २०२५ ला तो २६ मे लाच मुंबईत दाखल झाला, पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता, आणि पहिल्याच दिवशी लोकल अडल्या. आमचे दिवस त्याच्या जरा आधीचे आहेत, तरी वळवाची सर कधीही येऊ शकते. समुद्र खवळला तर घारापुरीच्या बोटी थांबवतात, म्हणून लेणी आठवड्याच्या सुरुवातीलाच, मंगळवारी उरकायची. छत्री एकच घेतली आहे, उन्हाला नाहीतर पावसाला.

राहता राहिलं परतीचं तिकीट. त्या सकाळी लाईन गेली, राउटर बंद पडलं, गच्चीवरची रेंजही गेली, आणि तासाभरानं पाहिलं तर वेटिंग लागलं होतं. अजूनही वेटिंगवरच आहे. तत्काळ आहे म्हणा, आदल्या दिवशी एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, पण मे महिन्यात त्याचा भरवसा कोण देणार? कन्फर्म झालं नाही तर एसटीनं टप्प्याटप्प्यानं यावं लागेल. रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद केली, पण एसटीत सासूबाईंना पंचाहत्तरीमुळे फुकट आहे, मला आणि मुलीला अर्धं तिकीट, धाकट्यालाही अर्धं. पूर्ण भाडं फक्त ह्यांना. ही गोष्ट हिशेबात आल्यापासून आमचे हेच रोज सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जाऊन पीएनआर बघून येतात.